मेळघाटात पहिल्यांदा जाताना : गेट निवडण्यापासून परतीच्या घाटापर्यंत

मेळघाट पाहायला निघालेल्या नवख्या माणसाचा गोंधळ जंगलात शिरण्याच्या बराच आधी, घरबसल्या आरक्षण करतानाच सुरू होतो. ताडोब्यात किंवा पेंचमध्ये जसे एखाद्या गेटजवळ उतरायचे, दोन सफाऱ्या करायच्या आणि परतायचे, तसे इथे करता येईल असे गृहीत धरून लोक डोंगरावरच्या चिखलदऱ्यात हॉटेल घेतात, पायथ्याच्या शहानूर गेटची सफारी आरक्षित करतात आणि पहाटे साडेतीनला उठूनही वेळेत गेटवर पोहोचत नाहीत. मेळघाट म्हणजे सातपुड्याच्या गाविलगड रांगेत पसरलेला, खोल दऱ्या आणि उभ्या कडांचा मुलूख आहे. नकाशावर बोटभर दिसणारे अंतर इथे दरी उतरून, नदी ओलांडून, पुन्हा घाट चढून कापावे लागते. म्हणून या लेखातील सगळ्या पायऱ्यांचा आधार एकच आहे : आधी गेट ठरवा, मग मुक्काम, मग प्रवास. हा क्रम उलटा झाला की पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात.

१. आधी मुलूख समजून घ्या

१९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी मेळघाट हे एक होते आणि महाराष्ट्रातले ते पहिलेच. आज गाभा (कडक संरक्षणाचा आतला भाग) आणि बफर (त्याभोवतीचा पट्टा) मिळून या व्याघ्र प्रकल्पाचा विस्तार पावणेतीन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्याच्या पोटात सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याच्याभोवती मेळघाट, नरनाळा, वान व अंबाबरवा ही अभयारण्ये आहेत. त्यामुळे ‘आम्ही मेळघाटला जाऊन आलो’ असे सांगणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांपासून शंभर किलोमीटर दूरची जंगले पाहिलेली असू शकतात. कारभाराच्या सोयीसाठी सिपना, गुगामल आणि अकोट असे वन्यजीव विभाग आहेत आणि क्षेत्र संचालकांचे कार्यालय अमरावतीत आहे. हे लक्षात असू द्या, कारण चौकशी करताना चुकीच्या विभागात फोन केला तर उत्तर मिळायला उशीर होतो.

खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्या इथे उगम पावतात किंवा वाहतात आणि शेवटी सगळ्यांचे पाणी तापीला मिळते. उन्हाळ्यात या नद्यांचे प्रवाह तुटतात, पण वळणावळणांवर खोल डोह टिकून राहतात, आणि मार्चनंतर प्राण्यांचे सगळे वेळापत्रक या डोहांभोवती फिरते. जमीन काळ्या बसाल्टची आहे. पाऊस पडला की पाणी उतारावरून झपाट्याने निघून जाते. त्यामुळे सप्टेंबरात जिथे धबधबा पाहाल तिथेच एप्रिलमध्ये कोरडे दगड दिसतील. वैराटचा माथा १,१७८ मीटरवर, चिखलदरा साधारण १,१०० मीटरवर आणि नदीकाठची गावे त्याच्या निम्म्याहूनही खाली. एकाच दिवशी चिखलदऱ्यात शाल लागेल आणि सेमाडोहच्या खोऱ्यात घाम फुटेल, इतका हा फरक आहे.

२. गेट निवडा

हा टप्पा घाईने उरकू नका. खाली दिलेल्या ठिकाणांपैकी एका सहलीत एकच, फार तर शेजारची दोन, निवडावीत असे माझे ठाम मत आहे.

सेमाडोह आणि कोलकास : परतवाडा–धारणी रस्त्यावर, सिपना नदीच्या खोऱ्यात ही दोन्ही ठिकाणे आहेत. पहिल्यांदा येणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. सेमाडोहला वन विभागाचे पर्यटन संकुल आणि निसर्ग माहिती केंद्र आहे. तिथून पुढे कोलकासचे जुने विश्रामगृह आहे आणि त्याच्या खालून सिपना मोठे वळण घेते. संध्याकाळी या विश्रामगृहासमोरच्या कट्ट्यावर नुसते बसले तरी समोरच्या उतारावर सांबर पाण्याकडे येताना दिसण्याची शक्यता असते. कोलकासला वन विभागाचे पाळीव हत्ती असतात. हत्तीवरील फेरीची आशा मुलांना दाखवण्यापूर्वी मात्र ती सुरू आहे का याची फोनवर खात्री करून घ्या, कारण हिवाळ्यात हत्तींच्या पायांच्या उपचारासाठी, म्हणजे चोपिंगसाठी, ही फेरी काही दिवस बंद ठेवली जाते.

चिखलदरा आणि वैराट : थंड हवेच्या ठिकाणी राहून सफारी करायची असेल, ज्येष्ठ माणसे सोबत असतील, तर हा पर्याय सोयीचा आहे. वैराट, चुर्णी, पस्तलाई ही गावे पुनर्वसनानंतर उठली आणि जिथे पूर्वी शेती होती तिथे आता गवताची मोठी कुरणे तयार झाली आहेत. दाट सागवनापेक्षा अशा मोकळ्या कुरणात रानगव्यांचा कळप नीट पाहता येतो. चिखलदऱ्यातच गाविलगड किल्ला आहे. दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने तो जिंकला आणि त्यानंतर दोनच दिवसांत नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी या किल्ल्यासाठी अर्धा दिवस वेगळा ठेवावा, तो सफारीच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये कोंबू नये.

शहानूर आणि नरनाळा : अकोला जिल्ह्यातून, अकोटमार्गे येणाऱ्यांसाठी हे प्रवेशद्वार आहे. डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी शहानूरचे गेट, वर नरनाळा किल्ला आणि मागे पसरलेले जंगल असे हे ठिकाण आहे. किल्ल्याचा बहमनी काळातील महाकाली दरवाजा, त्यावरची कोरीव नक्षी आणि अक्षरे पाहण्यासारखी आहेत. किल्ला अभयारण्यात असल्यामुळे तिथे जाण्यासाठीही गेटवर नोंद करावी लागते आणि संध्याकाळपूर्वी खाली यावे लागते.

हरिसाल : सेमाडोह–कोलकासच्या पुढे, धारणीच्या दिशेने. बऱ्हाणपूर किंवा खंडव्याकडून येणाऱ्यांना हे जवळ पडते.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे चिखलदरा आणि शहानूर एकाच दिवसात बसवणे. हवाई अंतर थोडे आहे, पण वाहनाचा रस्ता घाट उतरून परतवाडा, अंजनगाव सुर्जी, अकोट असा वळसा घालून जातो आणि त्यात जवळजवळ अर्धा दिवस मोडतो. मोबाइलवरील नकाशा कधी कधी जंगलातून जाणारा आडवा रस्ता सुचवतो. अशा अंतर्गत रस्त्यांवर वन विभागाचे नाके असतात आणि ते परवानगीशिवाय किंवा अंधार पडल्यावर उघडले जात नाहीत. नकाशाने दाखवलेल्या वेळेच्या दीडपट वेळ धरून बेत आखावा.

३. ऋतू ठरवा, पण अपेक्षेनुसार

पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते. त्या काळात चिखलदऱ्याचे धुके, भीमकुंडाचा कडा आणि वाहते धबधबे पाहायला गर्दी लोटते, पण ती वेगळी सहल झाली. वन्यप्राणी पाहण्याच्या उद्देशाने ऑगस्टचे आरक्षण शोधत बसू नका.

ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात जंगल हिरवे आणि गवत माणसाच्या कमरेएवढे असते. प्राणी कमी दिसतात, पण पक्षी भरपूर दिसतात, हवा स्वच्छ असते आणि नद्या वाहत्या असतात. छायाचित्रण आणि भूप्रदेश पाहणे हा हेतू असेल तर मी हाच काळ सुचवीन. डिसेंबर–जानेवारीत पहाटेच्या उघड्या जिप्सीत थंडी हाडात शिरते. पुण्या-मुंबईचे लोक ‘विदर्भ म्हणजे ऊन’ असे समजून एका पातळ जॅकेटवर येतात आणि पहिला तास कुडकुडण्यात घालवतात.

फेब्रुवारीपासून सागाची पाने गळू लागतात. एप्रिलपर्यंत डोंगर उघडे पडतात आणि झाडांच्या खोडांमधून शंभर-दीडशे मीटरपर्यंत नजर पोहोचते. मार्च–एप्रिलमध्ये मोहाची फुले टपकतात आणि ती खायला अस्वले येतात. एप्रिल–मेमध्ये पाणवठ्यांवर प्राणी दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त, पण खोऱ्यातील उष्णताही तेवढीच कडक असते. लहान मुले आणि रक्तदाबाचा त्रास असलेली माणसे सोबत असतील तर मे महिना टाळावा.

वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला वन विभाग पाणवठ्यांजवळील मचाणांवर रात्रभर बसून प्राण्यांची नोंद करण्याचा निसर्गानुभव उपक्रम घेतो आणि त्यात नागरिकांनाही जागा मिळतात. जागा मोजक्या असतात आणि आरक्षण लवकर भरते, म्हणून एप्रिलच्या सुरुवातीपासून अधिकृत सूचनांवर लक्ष ठेवावे. रात्रभर मचाणावर गप्प बसणे, झाडावरून खाली न उतरणे आणि तिथेच डबा खाणे ज्याला जमणार नाही त्याने या वाटेला जाऊ नये, कारण मध्यरात्री तुम्हाला परत न्यायला कोणी येऊ शकत नाही.

४. आरक्षण आणि कागदपत्रे

आरक्षण फक्त व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून, म्हणजे ‘मॅजिकल मेळघाट’वरून, किंवा त्या त्या गेटवरील वन विभागाच्या खिडकीवर करावे. मिळत्याजुळत्या नावांची खासगी संकेतस्थळे शोधात वरती दिसतात. ती सगळीच फसवी नसतात, पण जास्तीचे शुल्क आकारतात आणि आरक्षण रद्द झाले तर परतावा मिळवताना तुमची दमछाक होते. ‘वाघ नक्की दाखवू’ असे कोणी म्हणाले तर तिथेच बोलणे थांबवा. असा शब्द देणे वन विभागालाही शक्य नाही.

सफारीच्या पैशांत साधारणपणे प्रवेश शुल्क, वाहनाचे भाडे आणि मार्गदर्शकाचे मानधन असे तीन वेगळे भाग असतात, आणि कॅमेऱ्याचे शुल्क वेगळे लागू शकते. ऑनलाइन भरलेली रक्कम कोणत्या भागाची आहे आणि गेटवर काय द्यायचे आहे, हे पावतीवर नीट वाचा. अनेकांना ऑनलाइन भरलेली रक्कम संपूर्ण वाटते, मग गेटवर वाद होतो आणि सकाळची सोनेरी पंधरा मिनिटे त्यात जातात. दर आणि वेळा हंगामानुसार बदलतात, तसेच आठवड्यातील एखाद्या वारी गेट बंद असू शकते. म्हणून जुन्या प्रवासवर्णनांतील आकडे धरून चालू नका, आरक्षणाच्या दिवशी जे दिसेल तेच खरे.

सोबत ठेवायची कागदपत्रे अशी :

– प्रत्येक प्रौढ पर्यटकाचे मूळ छायाचित्र ओळखपत्र : आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पारपत्र. आरक्षण करताना ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला तेच सोबत हवे.
– मुलांचे आधार किंवा शाळेचे ओळखपत्र.
– परदेशी नागरिकत्व असलेल्या नातेवाइकांचे पारपत्र. त्यांच्यासाठी शुल्काची श्रेणी वेगळी असू शकते, म्हणून आरक्षण करतानाच नागरिकत्व बरोबर नोंदवा.
– आरक्षणाच्या आणि मुक्कामाच्या पावतीची कागदी प्रत. खोऱ्यात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे ‘मेलमध्ये आहे’ हे उत्तर उपयोगी पडत नाही.
– स्वतःच्या वाहनाने येत असाल तर नोंदणी पुस्तिका, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना.

नावाचे स्पेलिंग हा इथला दुसरा सापळा. लग्नानंतर बदललेले आडनाव एका कागदावर आणि जुने दुसऱ्यावर, असे असेल तर आरक्षणात ओळखपत्रावरचेच नाव अक्षरशः उतरवा. गटातील एकाऐवजी ऐनवेळी दुसरा माणूस आणणे सहसा चालत नाही.

५. पोहोचायचे कसे

सेमाडोह, कोलकास आणि चिखलदरा या तिन्हींचा पायथा म्हणजे परतवाडा. मुंबई–हावडा मार्गावरील बडनेरा स्थानकावर उतरावे किंवा थेट अमरावती स्थानकापर्यंत येणारी गाडी पकडावी. अमरावतीहून परतवाडा सुमारे ५० किलोमीटर आहे आणि एसटी भरपूर आहेत. २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, पण विमाने रोज नसू शकतात, तेव्हा आधी वेळापत्रक पाहा. नागपूरहून अमरावती साधारण १५० किलोमीटर. शहानूरसाठी मात्र अकोला स्थानक गाठावे आणि अकोटमार्गे यावे.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जायला दोन रस्ते आहेत : एक धामणगाव गढी–मोथ्याचा आणि दुसरा घटांगवरून. सेमाडोहला जाणाराही रस्ता घटांगवरूनच पुढे जातो. परतवाडा हे शेवटचे मोठे गाव समजून तिथेच टाकी पूर्ण भरा, रोख रक्कम काढा, औषधे घ्या आणि घरच्यांना फोन करून पुढचा दिवसभर संपर्क होणार नाही हे सांगून ठेवा. घाट दिवसा उजेडी चढावा. वळणे अरुंद आहेत, समोरून बांबूचे ट्रक आणि एसटी येतात, आणि अंधार पडल्यावर रस्त्यावर सांबर, रानगवा किंवा अस्वल अचानक आडवे येऊ शकते.

एसटीने येणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : धारणीकडे जाणारी गाडी तुम्हाला सेमाडोहला उतरवील, पण तिथून सफारीच्या वाहनाची सोय आधीच केलेली असली पाहिजे. रस्त्यावर उभे राहून रिक्षा मिळेल अशी ही जागा नाही.

६. मुक्काम आणि जेवण

वन विभागाची निवासस्थाने सेमाडोह, कोलकास, हरिसाल, शहानूर या ठिकाणी आहेत. खोल्या साध्या, स्वच्छ आणि जंगलाला लागून आहेत. हॉटेलच्या सुविधा हव्या असतील तर चिखलदरा. उपाहारगृहात किती माणसे जेवणार हे पोहोचताच सांगून ठेवावे, कारण सामान लांबून येते आणि रात्री नऊला ऐनवेळी दहा पाने वाढणे शक्य नसते. पोळी, भाकरी, डाळ, भात, एखादी भाजी असे जेवण मिळते. या भागातील गवळी वस्त्यांमुळे खवा आणि रबडी उत्तम मिळते. सेमाडोहच्या टपरीवर थांबून ती जरूर खावी. चिखलदऱ्यात कॉफीची लागवड होते, महाराष्ट्रात ही गोष्ट दुसरीकडे सहसा पाहायला मिळत नाही, तेव्हा परतताना इथली कॉफी घेता येईल.

७. पिशवीत काय असावे

– मातकट, हिरवे किंवा राखाडी पूर्ण बाह्यांचे कपडे. पांढरा, लाल आणि भडक पिवळा टाळा.
– हिवाळ्यात कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारे जाड जॅकेट. उन्हाळ्यात टोपी आणि मोठा सुती रुमाल.
– घोट्यापर्यंतचे बूट. गवतात गोचिड असतात, म्हणून पायमोजे पँटवर ओढून घ्यावेत आणि परतल्यावर अंग तपासावे.
– माणशी दोन लिटर पाणी, पुन्हा भरता येतील अशा बाटल्यांत.
– दुर्बीण. मेळघाटात कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण जास्त उपयोगी पडते, कारण प्राणी बहुधा समोरच्या उतारावर, दूर असतो.
– टॉर्च, डास पळवणारे मलम, जलसंजीवनीची पाकिटे आणि नेहमीची औषधे दोन दिवस जास्तीची.
– अत्तर आणि उग्र वासाचे तेल घरी ठेवा.

८. प्रत्यक्ष सफारी

गेट उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा. ओळखपत्रांची तपासणी, मार्गदर्शकाची नेमणूक आणि वाहनाची नोंद यांत वेळ जातो, आणि उशिरा आलेल्यांना वाढीव वेळ मिळत नाही. मार्गदर्शक सोबत घेणे बंधनकारक आहे. हे मार्गदर्शक बहुतेक स्थानिक गावांतील तरुण असतात, त्यांतले अनेक इथल्या कोरकू आदिवासी समाजाचे आहेत, आणि लहानपणापासून या डोंगरात वावरलेले असतात. पहिल्या पाच मिनिटांत त्यांचे नाव विचारा, तुम्हाला काय पाहण्यात रस आहे ते सांगा. ‘वाघ दाखव’ एवढेच ऐकलेला मार्गदर्शक तुम्हाला फक्त वेगाने फिरवील. ‘जंगल दाखवा’ म्हटलेत तर तो गाडी थांबवून दाखवण्यासारख्या गोष्टी काढील.

आणि त्या गोष्टी पुष्कळ आहेत. सागाच्या खोडावर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, सालीत उभ्या ओढलेल्या चिरा दिसतील. त्यांच्या कडा पांढुरक्या आणि ओलसर असतील तर वाघाने किंवा बिबट्याने तिथे नखे ओढून फार दिवस झालेले नाहीत. कडा काळसर आणि वाळलेल्या असतील तर खूण जुनी. रस्त्याच्या मऊ धुळीत पंजाचा ठसा दिसला तर आधी नखे उमटली आहेत का ते पाहा : मांजरकुळातला प्राणी चालताना नखे आत घेतो, म्हणून त्याच्या ठशात नखे नसतात, तर रानकुत्र्याच्या ठशात ती स्पष्ट दिसतात. ठशाच्या वरून टायरची रेघ गेली असेल तर प्राणी गाडीच्या आधी गेला, रेघेवर ठसा असेल तर नंतर. मार्गदर्शक एका नजरेत हे सगळे वाचतो. त्याला मोठ्याने वाचायला सांगा.

ऐकणे हे पाहण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. सांबराचा धोक्याचा आवाज घशातून एकदम फुटणारा आणि भारी असतो. भेकर कुत्र्यासारखे भुंकते आणि त्याचे भुंकणे बराच वेळ चालते. वानराचा इशारा खोकल्यासारखा असतो. सांबर पुन्हा पुन्हा, एकाच जागी उभे राहून ओरडत असेल तर शिकारी प्राणी जवळ असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी गाडीचे इंजिन बंद करून दहा मिनिटे शांत बसण्याचा आग्रह तुम्ही स्वतः धरा, कारण पर्यटकांच्या अधीरपणामुळेच चालक पुढे हाकतात.

मेळघाटात वाघ आहेत, पण ताडोब्यासारखे ते रस्त्यावर सहज दिसत नाहीत. भूभाग चढउताराचा आहे, झाडी दाट आहे, पाणी ठिकठिकाणी विखुरलेले आहे आणि वाहनांसाठी खुले रस्ते त्या मानाने थोडे आहेत. त्यामुळे वाघाला एका मोठ्या तलावावर यावेच लागत नाही. हे आधी समजून घेतले तर निराशा होत नाही. रानगवा मात्र चांगला दिसतो : काळ्याभोर देहाचा, गुडघ्याखाली चारही पाय पांढरे मोजे घातल्यासारखे, आणि मान खाली घालून तो तुमच्याकडे रोखून पाहू लागला तर गाडी पुढे न नेता थोडी मागे घ्यावी. अस्वल, बिबट्या, रानकुत्र्यांची टोळी, नीलगाय, चौशिंगा आणि भेकर हेही इथले रहिवासी आहेत.

पक्षी पाहणाऱ्यांनी रानपिंगळ्यासाठी वेगळा वेळ काढावा. हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर कोणाला सापडला नव्हता आणि तो नामशेष झाल्याचेच मानले जात होते. १९९७ मध्ये तो आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा आढळला आणि पुढे मेळघाटातही त्याची नोंद झाली. बहुतेक घुबडे दिवसा लपून बसतात, हा मात्र तसा लपत नाही. सकाळी पाने गळालेल्या सागाच्या उघड्या फांदीवर उन्हात बसलेला आढळतो. मात्र त्याला जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवू नका आणि कोणी वाजवत असेल तर थांबवा. विणीच्या काळात अशा आवाजाने पक्षी घरटे सोडून बाहेर येतो आणि अंडी किंवा पिल्ले उघडी पडतात. आधीच मोजक्या जागी उरलेल्या पक्ष्याला हा त्रास परवडणारा नाही.

९. नियम आणि त्यांमागची कारणे

वाहनातून खाली उतरणे, ठरलेला रस्ता सोडणे, प्राण्यांना खाऊ घालणे, हॉर्न वाजवणे आणि ड्रोन उडवणे यांना मनाई आहे. अनेक व्याघ्र प्रकल्पांत गाभा क्षेत्रात मोबाइल वापरण्यावरही बंदी आहे. गेटवर फोन जमा करायला सांगितले तर तो द्यावा. काडेपेटी, लायटर, सिगारेट गाडीत नेऊ नका. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत जमिनीवर सागाच्या पानांचा जाड थर असतो आणि एका ठिणगीचा वणवा उतारावरून वर झपाट्याने चढतो. तो विझवायला वनरक्षक आणि गावकरी हातात फांद्या घेऊन रात्ररात्र डोंगर तुडवतात.

गळून पडलेले सांबराचे शिंग, साळिंदराचा काटा, पीस, दगड, काहीही उचलून आणू नका. ‘पडलेलेच तर होते’ हा बचाव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ पुढे टिकत नाही. पडलेली शिंगे साळिंदर आणि इतर कुरतडणारे प्राणी खातात, त्यांतून त्यांना कॅल्शियम मिळते, हेही एक कारण आहे.

१०. गावांमधून जाताना

मेळघाट हे कोरकूंचे घर आहे. त्यांची भाषा मराठी किंवा हिंदीच्या कुळातली नसून मुंडा कुळातली आहे, पण बहुतेकांना मराठी किंवा हिंदी चांगली येते. बोरी, कोहा, कुंड यांसारखी गावे जंगलासाठी आपली जागा सोडून बाहेर वसली आहेत. ज्या कुरणात तुम्ही रानगवे पाहता, तिथे कोणाचे तरी अंगण होते, याची जाण ठेवून बोला आणि वागा. घरांची, माणसांची, विशेषतः स्त्रिया आणि मुलांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नका. मुलांना चॉकलेट आणि पैसे वाटू नका, त्याने रस्त्यावर धावत गाड्या अडवण्याची सवय लागते आणि अपघात होतात. काही द्यायचेच असेल तर शाळेत शिक्षकांना विचारून द्या. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण; त्या दिवसांत मार्गदर्शक आणि चालक सुटीवर असतात, म्हणून होळीच्या आठवड्यातले आरक्षण करताना सोय होईल का ते आधी विचारावे.

११. अडचण आली तर

साप चावला, वाहन उलटले किंवा कोणाला उष्माघात झाला तर स्थानिक उपचारांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. खोऱ्याच्या परतवाड्याकडील भागात अचलपूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि पलीकडे धारणीचे उपजिल्हा रुग्णालय जवळ पडते. रेंज मिळेल तिथून १०८ वर रुग्णवाहिका मागवता येते. साप चावलेल्या जागी चिरा देऊ नका, घट्ट आवळून बांधू नका; तो अवयव हलू न देता रुग्णाला आडवे ठेवून न्या. मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचताच कोणत्या जागी कोणत्या कंपनीच्या सिमला रेंज येते, हे तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून ठेवा. आणीबाणीत हा प्रश्न विचारायला वेळ नसतो.

परतीला घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा आणि दुपारी चारपूर्वी निघा. रस्त्यात जखमी प्राणी, वणव्याचा धूर किंवा शिकारीचा संशय येईल असे काही दिसले तर स्वतः उतरून जवळ जाऊ नका. जागा लक्षात ठेवण्यासाठी जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा टिपा आणि वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा.